साडेआठ सेंटिमीटरची नळी

‘पाठीत इंजेक्शन दिलं आणि तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच.’ सिझेरियन झालेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. भूलतज्ज्ञ समजावतात, की कण्यातल्या भुलेचा आणि वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. गरोदरपणात कंबरेवर आलेला भार आणि बाळाला घेऊन सतत वाकणं, ही कारणं जास्त खरी. ते बरोबरच आहे. तरी त्या बाईच्या शंकेचं मूळ मला कधी खुळचट वाटलं नाही. वेदना थांबवायला म्हणून कण्यात जे घातलं, त्यानेच दुखापत केली तर? औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत हा प्रश्न उंदरांच्या बाबतीत जवळजवळ पन्नास वर्षं पाठीस लागलेला आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं अशाच एका प्रयोगशाळेत गेली. उंदराच्या मज्जारज्जूशेजारी आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या नळीचा हा आढावा मी त्या अनुभवातून घेतो आहे.

आधी शब्दांचं बघू. मराठीत लहान-मोठे सगळे उंदीरच. अ‍ॅनिमल हाउसमध्ये मात्र ‘रॅट’ वेगळा आणि ‘माउस’ वेगळा. रॅट पाव किलोच्या वरचा, हातात भरणारा. माउस वीस-पंचवीस ग्रॅमचा, मुठीत हरवणारा. या लेखात नुसतं ‘उंदीर’ म्हटलं की तो रॅट, आणि माउसला मी ‘छोटा उंदीर’ म्हणेन. नळीच्या कामात या दोघांमधला फरक फार मोठा ठरतो.

ही शस्त्रक्रिया अशी होते. भूल दिलेला उंदीर चौकटीत पक्का धरतात आणि त्याचं डोकं पुढे वाकवतात. मानेच्या मागच्या बाजूला मधोमध छेद घेऊन स्नायू बाजूला सारले, की कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये एक छोटा, चकचकीत, किंचित निळसर पडदा दिसतो. सुईच्या टोकाने त्याला छेद दिला की नितळ पाण्याचा थेंब वर येतो. दवाखान्यात आपण ज्याला ‘पाठीतलं पाणी’ म्हणतो, तेच हे. या छिद्रातून पॉलिएथिलिनची केसासारखी म्हणावी इतकी बारीक नळी मज्जारज्जूच्या कडेकडेने खाली सरकवायची. सहा सेंटिमीटर, सात, आठ, साडेआठ. तेवढी गेली की तिचं टोक मज्जारज्जूच्या कंबरेकडच्या फुगीर भागापाशी पोचतं. मागच्या पायांच्या आणि शेपटीच्या संवेदना तिथेच येऊन मिळतात. नळी सरकवताना बोटांना किंचित जरी अडल्यासारखं वाटलं तरी थांबावं लागतं. इथे जोर लावला, की दुसऱ्या दिवशी उंदीर पाय ओढत चालतो. नळीचं दुसरं टोक डोक्यावरच्या कातडीतून बाहेर काढायचं, दातांच्या सिमेंटने पक्कं करायचं आणि पोलादी तारेच्या तुकड्याने बंद करायचं. झालं. उंदीर शुद्धीवर आला की त्याला न टोचता, जागेपणी, थेट मज्जारज्जूवर औषध देता येतं.

ही पद्धत टोनी यॅक्श आणि थॉमस रूडी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांचं काम चाललं होतं. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा दुसरा छोटा लेख आला आणि त्याने वेदनाशास्त्राची दिशा बदलली. तोवर बहुतेकांची समजूत अशी होती, की मॉर्फिन मुख्यतः मेंदूत जाऊन काम करतं. तीन वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, अफूवर्गीय औषधांना पकडून ठेवणारे रेणू मज्जासंस्थेत सापडले होते. यॅक्श आणि रूडी यांनी काही मायक्रोग्रॅम मॉर्फिन नळीतून मज्जारज्जूवर सोडलं, तर उंदीर तापलेल्या किरणाखालून शेपटी झटकेना. नॅलोक्सोन हे मॉर्फिनला अडवणारं औषध दिलं की हा परिणाम नाहीसा व्हायचा. म्हणजे वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आधी, कण्यातच अडवता येतो. अंगात टोचलेल्या मॉर्फिनच्या शंभराव्या-दोनशेव्या भागातच काम भागत होतं.

पुढे सगळं वेगाने घडलं. १९७९ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये आठ कर्करुग्णांच्या कण्यात अर्धा ते एक मिलिग्रॅम मॉर्फिन देऊन पाहिलं, आणि बऱ्याच जणांच्या वेदना तासन्‌तास थांबल्या. प्रयोगशाळेपासून रुग्णापर्यंत तीन वर्षं. औषधशास्त्रात इतकं कमी अंतर फार क्वचित दिसतं. आज सिझेरियनच्या वेळी भूलतज्ज्ञ ‘स्पायनल’मध्ये शंभर-दीडशे मायक्रोग्रॅम मॉर्फिन मिसळतात आणि आई दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी आरामात राहते. त्या आरामाची सुरुवात त्या साडेआठ सेंटिमीटरपासून झाली आहे. नळीचं हे श्रेय मला नाकारायचं नाही. पुढची टीका वाचताना हे लक्षात असू द्यावं.

टीका मापांपासून सुरू होते. सुरुवातीची नळी, प्रयोगशाळेत जिला ‘पीई-१०’ म्हणतात ती, बाहेरून ०.६१ मिलिमीटर जाड. उंदराचा मज्जारज्जू तीन-चार मिलिमीटरचा. म्हणजे माणसाच्या कण्यात दोन-अडीच मिलिमीटर जाडीची नळी मानेपासून कंबरेपर्यंत सगळ्या लांबीभर घालून ठेवण्यासारखं झालं. शिवाय रज्जूभोवती जागा माणसाच्या मानाने फारच कमी. द्रवाचंही तेच. माणसात हे पाणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, उंदरात पाव मिलिलिटरच्या आसपास. नळीत अडकून राहणारं औषध पुढे ढकलायला दहा मायक्रोलिटर औषधामागून दहा मायक्रोलिटर सलाइन देतात. म्हणजे एका झटक्यात एकूण पाण्याच्या आठ टक्के भर. माणसाच्या हिशेबाने बारा मिलिलिटर. मग औषध कंबरेपाशीच राहिलं की मेंदूकडे वर सरकलं, हा प्रश्न प्रत्येक प्रयोगात उभा राहतो. पुष्कळ निबंधांत त्याचं उत्तर नसतं.

यॅक्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच पद्धतीत सुधारणा सुचवल्या. पुढे लोक नळी गरम पाण्यात ताणून बारीक करू लागले, नंतर ०.३६ मिलिमीटरची ‘पीई-५’ आली. दरम्यान एक जास्त अवघड गोष्ट समोर आली. डीलिओ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साधा प्रश्न विचारला: उंदराला काहीच औषध न देता नुसती नळी घातली तर मज्जारज्जूत काय होतं? तिथल्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींच्या आधाराला आणि राखणीला असणाऱ्या पेशी, नुसत्या नळीनेच उठून बसतात, असं त्यांना दिसलं. दाह सुरू करणारे रेणूही वाढतात.

हे फार महत्त्वाचं आहे. कारण पुढच्याच काही वर्षांत वेदनाशास्त्रात या ग्लिया पेशींची लाट आली. २००३ मध्ये जपानमधून आलेल्या एका गाजलेल्या कामात शरीराबाहेर वाढवलेल्या, चेतवलेल्या मायक्रोग्लिया (ग्लियांचाच एक प्रकार) निरोगी उंदरांच्या कण्यात सोडल्या, तेव्हा पंजाला हलका स्पर्शही त्यांना सहन होईना. चेता दुखावल्यानंतर होणाऱ्या वेदनेत या पेशींचा हात आहे, हे यातून पक्कं झालं. ते निष्कर्ष चुकीचे होते असं मी म्हणत नाही. पुढे वेगवेगळ्या मार्गांनी ते पडताळले गेले आहेत. पण ज्या पेशींचा अभ्यास करायचा, त्यांना आधीच डिवचणाऱ्या रस्त्याने औषध पाठवायचं, ही अडचण आहेच. अशा प्रयोगात साधारणपणे एका गटाला नळीतून औषध आणि दुसऱ्याला नळीतून सलाइन देतात आणि तुलना पुरी झाली असं मानतात. ती पुरी होत नाही. दोन्ही गटांत नळी आहे, म्हणजे दोन्ही मज्जारज्जू आधीच डिवचलेले आहेत. औषधाने जो फरक पडला तो वेदनेवर की नळीच्या जखमेवर, हे कळायला नळीच नसलेला तिसरा गट लागतो. तो खर्चिक असतो, प्राणी जास्त लागतात, म्हणून बहुधा गाळला जातो.

नळीमुळे होणारी इजा माणसांसाठी किती महत्त्वाची ठरू शकते, याचं मला सर्वांत शिकवून गेलेलं उदाहरण भूलशास्त्रातलं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस केसाएवढ्या बारीक, २८ गेजच्या नळ्या माणसांसाठी आल्या. कण्यात त्या ठेवून लागेल तशी भूल वाढवत न्यायची, ही कल्पना आकर्षक होती. पण १९९१ मध्ये चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. भूल उतरल्यावरही त्यांची लघवी-शौचावरची पकड आणि बैठकीच्या जागेची संवेदना परत आली नव्हती. नळी इतकी बारीक, की औषध जोराने पसरत नाही. साखर मिसळून जड केलेलं लिडोकेन कण्याच्या तळाशी साचून राहिलं आणि तिथल्या चेतामुळांवर त्याचा विषारी परिणाम झाला, असा तर्क निघाला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या नळ्या बाजारातून काढून घेतल्या.

आता हा तर्क तपासायचा कसा? पुन्हा उंदराच्या कण्यात नळी घालून, तिच्यातून लिडोकेन सोडून. केनेथ ड्रॅसनर यांच्या गटाने तेच केलं. उंदरांच्या शेपटीची संवेदना कित्येक दिवस परत येत नाही, हे त्यांना दिसलं. पण मुळांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना तीच जुनी अडचण आली. इजा औषधाची की नळीची? जाड नळीनेच मुळं दुखावत असतील तर औषधाला दोष देता येत नाही. म्हणून त्याच गटातल्या साकुरा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पॉलियुरेथेनची ३२ गेजची, पाव मिलिमीटरच्या आसपासची मऊ नळी वापरली. तिच्यामुळे नळीची स्वतःची इजा इतकी कमी झाली, की औषधाची इजा वेगळी ओळखू येऊ लागली. हे वाचलं तेव्हा मी तरुण होतो आणि त्या निबंधाची झेरॉक्स कितीतरी दिवस माझ्या टेबलावर होती. त्यात नवं औषध नव्हतं, नवा सिद्धान्त नव्हता. आपलं हत्यार किती जखम करतं हे आधी मोजलं आणि मगच पुढचं बोलले, एवढंच होतं.

त्याच वर्षी स्टोर्क्सन आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली. मानेतून साडेआठ सेंटिमीटर खाली यायचंच कशाला? कंबरेच्या मणक्यांमधून शिरून नळी थोडीच आत ठेवली तर वरच्या सगळ्या रज्जूला स्पर्शच होत नाही. पाय लुळे पडण्याचं प्रमाण यात बरंच कमी दिसलं. हाताला वळण मात्र वेगळं लागतं. मला विचाराल तर कंबरेकडच्या संवेदनेचा अभ्यास असेल तिथे मानेतून जाण्याला आता फारसं समर्थन उरलेलं नाही. तरी ती चालू राहते, कारण ज्याला-त्याला गुरूने शिकवलेली पद्धत सोडवत नाही.

नळीच नको, ही तिसरी वाट. हिल्डेन आणि विलकॉक्स यांनी १९८० मध्ये छोट्या उंदरांसाठी ती मांडली. पाचव्या-सहाव्या कंबरेच्या मणक्यांमध्ये ३० गेजची सुई थेट टोचायची. सुई नेमक्या जागी पोचली की शेपटी एकदम झटका देते. मग पाच मायक्रोलिटर औषध, आणि काम दहा-पंधरा सेकंदांत संपतं. जखम नाही, सिमेंट नाही, पिंजऱ्यात एकटं राहणं नाही. छोट्या उंदरात कायमची नळी घालणारेही आहेत, २००४ पासून त्यासाठी पद्धती प्रसिद्ध आहेत. पण ज्या प्राण्याच्या कण्या-मेंदूतलं एकूण पाणीच पस्तीस-चाळीस मायक्रोलिटर, त्याच्यात काही आठवडे नळी ठेवणं फार कमी प्रश्नांसाठी योग्य ठरेल. रोज अनेक दिवस औषध द्यायचं असेल, किंवा कातडीखाली बसवलेल्या छोट्या ऑस्मॉटिक पंपातून सलग थेंबथेंब द्यायचं असेल, तरच नळी लागते. एकदा-दोनदा द्यायचं असेल तर सुई पुरते.

पंपांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ‘दीर्घकाळ’ हा शब्द निबंधांत सैल वापरला जातो. शरीर नळीला परकी वस्तू मानतं. काही आठवड्यांत तिच्या टोकाभोवती तंतुमय ऊतीचं आवरण चढतं आणि मग औषध रज्जूपर्यंत पोचण्याऐवजी त्या पिशवीतच फिरत राहतं. मज्जारज्जूला आधीच इजा झालेल्या उंदरांत अशी नळी रज्जूला दाबते आणि व्रण वाढवते, हे जोन्स आणि टुझिन्स्की यांनी २००१ मध्ये दाखवलं. माणसांत याचीच भयंकर आवृत्ती दिसली. कण्यात मॉर्फिनचा पंप बसवलेल्या एका रुग्णात नळीच्या टोकाशी गाठ होऊन रज्जू दाबला गेल्याचं १९९१ मध्ये नोंदवलं गेलं, आणि नंतर अशा नोंदी वाढत गेल्या. २००३ च्या सुमारास कुत्र्यांवर आणि मेंढ्यांवर केलेल्या कामातून कळलं, की मॉर्फिन जितकं तीव्र, तितकी गाठीची शक्यता जास्त. त्यानंतर पंप भरणारे डॉक्टर तीव्रता कमी ठेवू लागले. हा धडा उंदरांतून आला नाही, मोठ्या प्राण्यांतून आला, हेही नोंदवायला हवं.

उंदराला काय सांगता येतं आणि काय नाही, याचं आणखी एक उदाहरण माझ्या वर्गात मी नेहमी देत असे. निओस्टिग्मिन कण्यात दिलं की उंदरांची वेदना छान कमी होते. विषारी परिणाम तपासून १९९५ मध्ये ते माणसांना देऊन पाहिलं. वेदना कमी झाली, पण मळमळ आणि उलट्यांनी लोक बेजार झाले. उंदराला उलटीच होत नाही, त्याच्या शरीरात ती सोयच नाही. त्यामुळे कितीही काळजीने नळी घातली असती तरी तिच्यातून हे उत्तर मिळणार नव्हतं. उलट झिकोनोटाइड हे औषध बघा. कोनस मॅगस या समुद्री शंखाच्या विषापासून मिळालेलं, पंचवीस अमिनो आम्लांचं. रक्तात दिलं तर रक्तदाब कोसळतो, कण्यात दिलं तर असह्य वेदना शमते. कण्यात थेट औषध पोचवायचं तंत्र हाताशी नसतं तर हा रेणू बहुधा कपाटातच राहिला असता. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

नर-मादीचा प्रश्नही याच रस्त्याने आला. दशकानुदशकं वेदनेचे प्रयोग जवळजवळ फक्त नर उंदरांवर झाले. २०१५ मध्ये सॉर्ज, मोगिल आणि सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांच्या कण्यात मायक्रोग्लियांना गप्प करणारी औषधं दिली. नरांची स्पर्शवेदना गेली, माद्यांची गेली नाही. त्यांच्यात वेगळ्या प्रतिकारपेशी काम करत होत्या. दीर्घ वेदनेचे रुग्ण जगभर बायकाच जास्त आहेत, हे लक्षात घेतलं तर नुसत्या नरांवर काढलेले निष्कर्ष किती अपुरे होते ते कळतं.

आता प्राण्याकडे येऊ. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम आहेत. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीती समिती असते. शस्त्रक्रिया होताना प्राण्याला वेदना जाणवणार नाही इतकी भूल द्यावी, असं कायदाच सांगतो. भूल देतात. प्रश्न शुद्धीवर आल्यानंतरचा आहे. वेदनेचाच अभ्यास करायचा म्हणून शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक द्यायला लोक कचरतात. ते औषध निष्कर्षात मिसळेल, हा युक्तिवाद अफूवर्गीय औषधांपुरता समजू शकतो. पण छेदाच्या कडेला स्थानिक भूल, पहिले दोन-तीन दिवस मेलॉक्सिकॅमसारखं औषध, आणि प्रयोग आठवड्यानंतर, यात काही मिसळत नाही. दुखणाऱ्या, न जेवणाऱ्या, वजन घटलेल्या उंदराकडून मिळालेला आकडा मात्र नक्कीच मिसळलेला असतो. दुसरं, एकटेपण. सोबतचे उंदीर डोक्यावरची नळी कुरतडतात म्हणून नळी घातलेल्याला वेगळं ठेवतात. उंदीर कळपाने राहणारा, एकमेकांच्या अंगावर झोपणारा प्राणी. तुसावर एकटा कोपऱ्यात बसलेला उंदीर ज्याने रोज पाहिला आहे, त्याला ‘नियंत्रित परिस्थिती’ हे शब्द पुरेसे वाटत नाहीत. नळीचं टोक कातडीखालच्या छोट्या कपात ठेवलं तर सोबती देता येतो. थोडा खर्च जास्त येतो, तो करावा.

आणि सर्वांत शेवटी बाद झालेले. नळी घातल्यावर काही उंदरांचे पाय लुळे पडतात, त्यांना लगेच भूल देऊन सोडवायचं असतं. उरलेल्यांत नळी जागेवर आहे ना हे पाहायला दहा मायक्रोलिटर दोन टक्के लिडोकेन देतात. काही सेकंदांत दोन्ही मागचे पाय सैल पडले आणि थोड्या वेळाने परत आले, तर टोक बरोबर. प्रयोगानंतर निळा रंग सोडून शवविच्छेदनात पुन्हा खात्री करतात. प्रत्येक टप्प्यावर गळती होते. ती किती झाली, हे निबंधात एका ओळीत सांगता येतं, पण फार थोडे सांगतात.

माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट आहे. एका विद्यार्थ्याच्या थिसिसचं काम चाललं होतं. क्रमांक ११ चा उंदीर तिसऱ्या दिवशी डावा मागचा पाय टाकताना बोटं पसरत नव्हता. हातात उचलून टेबलाच्या कडेला नेलं, की उजवा पंजा कड शोधायचा, डावा लोंबकळायचा. गटात आठ उंदीर हवे होते आणि सातच उरले होते. शुल्क भरून झालं होतं, परीक्षेची तारीख जवळ होती. विभागात सगळ्यांनी मिळून ठरवलं, की किरकोळ आहे, ठेवू. मीही होकार दिला. त्या उंदराने उष्णतेला उशिरा प्रतिसाद दिला, आणि आमच्या औषधाच्या गटाची सरासरी सुधारली. तो आकडा छापला गेला.

त्यानंतर माझ्या हाताखाली जे थिसिस झाले त्यांत मी तीन आकडे पहिल्या तक्त्यातच लिहायला लावले: किती उंदरांना नळी घातली, किती पायांमुळे बाद झाले, किती टोक चुकीच्या जागी म्हणून बाद झाले. क्रमांक ११ दुसऱ्या आकड्यात गेला असता.